संपलं नाही अजून

मला त्या बँडचं एकच गाणं धड ओळखता येतं. तरी सलग पाचव्या वर्षी वाईजवळच्या माळावर त्यांच्या संगीत महोत्सवाला तीन दिवस तंबूत राहायला आलो होतो, कारण शाल्मली येते. आम्ही एकाच ऑफिसातले. तिला त्यांची सगळी गाणी पाठ.

त्या एका गाण्याच्या ऐन मध्यावर संबळवाला हात वर धरून थांबतो आणि सगळं शांत होतं. जुन्या श्रोत्यांना हे ठाऊक असतं. नवखे टाळ्या वाजवतात. पहिल्या वर्षी मीही वाजवल्या. शाल्मलीने हसत माझे दोन्ही हात घट्ट धरले. "थांब रे, संपलं नाही अजून!" गाणं पुन्हा सुरू होईपर्यंत तिने ते सोडले नाहीत.

त्यानंतर दर वर्षी मी मुद्दाम चुकलो. "तुला कधी कळणार रे?" म्हणत तिनेही दर वर्षी हात धरले.

यंदा तिच्याबरोबर तिचा होणारा नवरा होता. पहिले दोन दिवस ते गाणं झालंच नाही. तिसऱ्या संध्याकाळी, अगदी शेवटी, झालं. संबळवाल्याने हात वर धरला. मी टाळीसाठी हात उचलले, तेवढ्यात तिच्या पलीकडून जोरात टाळ्या वाजल्या. बिचारा अगदी मनापासून चुकला होता.

"थांब रे, संपलं नाही अजून!"

मी हात खिशात घातले.

त्याचे हात न सोडता तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि कौतुकाने म्हणाली, "वा! तुला कळलं एकदाचं."