चार टक्के

सहावे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसत. जिन्याच्या वळणावर उज्वला थांबली, पर्समधलं टिकल्यांचं पाकीट काढलं, मोबाईलच्या काचेत बघून एक टिकली लावली आणि वर गेली. काखेत फाईल होती. फाईलवर महेशचं नाव.

गंगापूर रोडचा हा दवाखाना तिला शाळेतल्या एका बाईंनी सुचवला होता. डॉक्टर देवरे घाई करत नाहीत, खोदून खोदून विचारतात, असं त्या म्हणाल्या होत्या. उज्वला त्याच शाळेच्या ऑफिसात क्लार्क. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कारणाच्या जागी ‘घरगुती काम’ लिहिलं. दर वेळी ती तेच लिहायची.

सुरुवात सिडकोतल्या फॅमिली डॉक्टरांपासून झाली होती. तेव्हा महेश सोबत होता. अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, दवाखान्याची पायरी चढायला कायम नाखूश. पण कंपनीने चाळिशीपुढच्यांना तपासणी सक्तीची केली, म्हणून आला. डॉक्टरांनी वय, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघितलं, सिगारेट ओढता का विचारलं आणि भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावर बोट फिरवत नेलं. बोट हिरव्या चौकोनात थांबलं. दहा वर्षांत हार्ट अटॅक यायची शक्यता चार टक्के. शंभरातले शहाण्णव ठणठणीत, तुम्ही त्यातलेच, असं ते हसून म्हणाले. उठता उठता त्यांनी विचारलं, काही त्रास वगैरे? महेश नाही म्हणाला. उज्वला शेजारच्या खुर्चीत होती. तीही काही बोलली नाही.

त्यानंतर ती एकटीच फिरत होती. पंचवटीतल्या डॉक्टरांनी मोबाईलवर हिशेब करून तीन टक्के सांगितले. नाशिकरोडच्या बाईंनी कॉम्प्युटरवर पाच काढले. द्वारका चौकाजवळच्या डॉक्टरांचे पुन्हा चारच आले. इंदिरानगरच्या डॉक्टरांनी फाईल चाळली आणि म्हणाले, अहो, काळजी करून तुमचंच बीपी वाढेल.

आकडा कमी आला की माणसाला हायसं वाटतं. उज्वलाला काहीच वाटायचं नाही. ती मान हलवायची, बस पकडायची, कधी कधी एक स्टॉप पुढे जाऊन उतरायची. घरी येऊन कणीक मळायची. भाजी हल्ली अळणीच व्हायची. लेक पिंकी आधी कुरकुर करायची, आता न बोलता वरून मीठ घ्यायची.

डॉक्टर देवऱ्यांनी चष्मा पुसून फाईल उघडली.

मिस्टर आले नाहीत का, असं त्यांनी विचारलं. उज्वला नाही म्हणाली. त्यांना त्याचं नवल वाटलं नाही. पुरुष येत नाहीत, बायकाच फायली घेऊन येतात, असं म्हणून ते आकडे भरू लागले.

“वय सेहेचाळीस?”

“सेहेचाळीसच.”

रिपोर्ट मागच्या वर्षीचे आहेत, त्यानंतर रक्त तपासलं नाही का, असं त्यांनी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी महेशच्या वडिलांचं विचारलं. सासरे एकावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले होते, तेही येवल्याच्या बाजारातून चालत घरी आले त्याच रात्री. तंबाखू? सिगारेट नाही, पण मळलेली तंबाखू, दिवसातून आठ-दहा वेळा. याआधी कुणी हे विचारलं नव्हतं.

“आणखी काही? अगदी बारीकसारीक असलं तरी सांगा.”

उज्वलाने मांडीवरची पर्स खाली ठेवली.

“जिना चढताना छाती भरून येते,” ती म्हणाली. “डावा हात जड पडतो. थांबलं की पाच मिनिटांत जातं.”

“कधीपासून?”

“पहिल्या तपासणीच्या आधीपासून.”

“त्या डॉक्टरांना सांगितलंत?”

“ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सांगू नको, असं. मी गप्प बसले.”

डॉक्टरांनी कीबोर्डवरून हात काढले. आवाज न चढवता ते समजावू लागले. हे तक्ते, ही टक्केवारी, ज्याला काहीच त्रास नाही अशा माणसासाठी असते. छाती भरून येणाऱ्याला ती लावायचीच नसते. शिवाय तंबाखू खाणं त्यात धरलेलं नसतं, वडील लवकर गेले हे बऱ्याच तक्त्यांत नसतं, आणि आपल्याकडच्या माणसांचा धोका त्यात पुष्कळदा कमीच दिसतो. म्हणजे पाचही डॉक्टरांचं गणित बरोबर होतं, पण ते या माणसाचं नव्हतं.

“तेव्हाच सांगितलं असतं तर?” तिने विचारलं.

“तर त्याच दिवशी ईसीजी, आणि आठवड्याभरात अँजिओग्राफी. वेळेत कळलं की बहुतेक जण यातून सुखरूप बाहेर येतात.”

उज्वलाने ते वाक्य मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं. आत काही हललं नाही.

तिचा चेहरा बघून डॉक्टरांना वाटलं असावं, बाई घाबरल्या. तुम्ही स्वतःला बोल लावू नका, ते म्हणाले, घरोघरी हेच चालतं. आज तुम्ही बोललात हे फार चांगलं केलंत. त्यांनी तिथूनच ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला, महेशचं नाव आणि वय सांगितलं, थोडं अडून बसले आणि वेळ मिळवली. मग लेटरहेडवर चार ओळी लिहून कागद तिच्यासमोर सरकवला.

“उद्या सकाळी अकराला. नाही म्हणाले तरी ऐकू नका, घेऊनच या. अजून वेळ गेलेली नाही.”

उज्वलाने कागदाची व्यवस्थित घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवली.

“उद्या नाही जमायचं, डॉक्टर,” ती म्हणाली. “उद्या ह्यांचं वर्षश्राद्ध आहे.”