उकंडरावांचं म्हणणं

"भरितात टमाटर? ही बाई वऱ्हाडातली नाहीच."

नीरजाच्या कथेखाली उकंडराव धाडकर नावाच्या माणसानं रविवारी दुपारी एवढंच लिहिलं होतं. फोटोच्या जागी बैल. नीरजाचा चेहरा उतरला.

खामगावच्या शाळेत शिकवून, घर सांभाळून ती दर रविवारी फेसबुकवर एक कथा टाकायची. "आधी पाच हजार फॉलोअर जमवा, मग पुस्तक काढू," असं प्रकाशकानं सांगितलं होतं. सात महिन्यांत जमले तीनशे बारा. त्यातले निम्मे नातेवाईक, आणि नातेवाईक कुठले वाचायला.

"आई, पाहा ना हे," तिनं सासूबाईंना मोबाइल दाखवला.

कौशल्याबाईंनी चष्मा पुसून वाचलं. "मेला. माह्या माहेरचं नाव लावते, पण धाडमंदी असा कोणी माणूसच नाही."

"उत्तर देऊ का?"

"तू काऊन देतं? लोकं देतीन."

लोकांनी दिलं. सुलतानपूरच्या कुण्या करिष्मानं लिहिलं, "आमच्या घरी टाकतात टमाटर. तुमचं काय जातं?" संध्याकाळपर्यंत दीडशे जण भरितावर तुटून पडले. भांडण म्हटलं की आपल्याकडे माणूस हातातलं काम टाकून येतो. आलेले लोक कथाही वाचू लागले, आणि बरेचसे राहिले.

पुढच्या रविवारी उकंडरावांना कथेतली सून उद्धट वाटली. त्याच्या पुढच्या रविवारी नवरा बावळट. बायका चवताळल्या, पुरुषांनी मात्र नवरा तंतोतंत जमलाय म्हणून कबूल केलं. हजार झाले, अडीच हजार झाले. एकदा सगळं घर लग्नाला गेलं होतं, तर नीरजानं पंगतीतूनच घाईनं कथा टाकली. त्या दिवशी उकंडराव फिरकले नाहीत. लोक काळजीनं विचारू लागले, तब्येत बरी आहे ना?

नीरजा मात्र मनातून खचत होती. "आई, मी या माणसाला ब्लॉकच करते."

कौशल्याबाई भाकर थापत होत्या. "राहू दे. शिव्या देणाराही वाचूनच देते ना?"

दिवाळीच्या आत पाच हजार पार झाले. प्रकाशकानं शब्द पाळला. खामगावातच समारंभ झाला, सभागृह भरून माणसं जिन्यात उभी राहिली. नीरजानं माइक हातात घेतला.

"उकंडराव इथं असतील तर उभं राहावं," ती म्हणाली. "मला त्यांच्या पाया पडायचंय."

सगळ्यांनी माना वळवल्या. पहिल्या रांगेतून कौशल्याबाईही मागं वळून पाहत होत्या. कोणी उठलं नाही.

घरी आल्यावर नीरजानं पहिली प्रत सासूबाईंच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला.

"झालं तुह्यं पाया पडनं?" कौशल्याबाईंनी आपला मोबाइल तिच्यापुढं धरला. "मंग आता तेवढं हे उकंडरावाचं खातं बंद करून दे."