स्वच्छ हवेचे तीन दिवस

देवरामनं हवा साफ करायचं मशीन गोणपाटात बांधून पडवीत आणून ठेवलं होतं.

"अहो काका, बांधलंत कशाला? आधी मीटर तर बघू द्या," शीतल म्हणाली.

"न्या तुमी," देवराम म्हणाला.

शीतल कल्याणच्या एका संस्थेत होती. दहा दिवसांपूर्वी तिनंच शेणव्याला येऊन देवरामच्या स्वयंपाकघरात हे मशीन लावलं होतं आणि भिंतीवर धूर मोजणारा मीटर टांगला होता. मीटरचा आकडा निम्म्यावर आला तर मशीन या घराला कायमचं मिळणार, नाहीतर ते दुसऱ्या घरी जाणार. देवरामची बायको रंभा हिला चुलीच्या धुरानं धाप लागायची. चार पावलं चालली की भिंत धरून उभी राहायची. तिच्यासाठी शीतल साहेबांशी भांडली होती.

"काकूंचा खोकला ऐकू येत नाही आज."

"आता नाय खोकत."

शीतलला फार बरं वाटलं. आत चार-पाच बाया भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. मशीनची नवलाई अजून संपली नाही तर, असं म्हणून ती मनात हसली. काकूंचा डोळा लागला असेल म्हणून तिनं आवाज खाली आणला. त्यांचा मुलगा साईनाथ कुठंय विचारलं, तर तो माणसांबरोबर नदीवर गेला होता.

तिनं मीटर लॅपटॉपला जोडला. पहिले सात दिवस दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला रेघ वर चढून बसली होती. गुरुवार सकाळपासून मात्र ती खाली आली ती आलीच. गुरुवार, शुक्रवार, आज शनिवार. धूर जवळजवळ शून्य.

हा आनंद पाच मिनिटंही टिकला नाही. गावात रोज आठ-आठ तास लाइट नसायची, आणि लाइट नाही तर मशीन बंद. मीटर सेलवर चालायचा, त्याची नोंद थांबत नसे. मग मशीन बंद असतानाही हवा शुद्ध कशी? माणसं काय वाट्टेल ते करतात. म्हसा गावात एकानं मीटर चक्क आंब्याला टांगला होता.

"काका, खरं सांगा. मीटर बाहेर ठेवला होतात?"

"नाय."

"झाकलात?"

"त्याला हात नाय लावला कुणी."

"मग स्वयंपाक अंगणात केलात?"

"नाय."

शीतलला राग आला. ज्यांच्यासाठी भांडावं त्यांनीच डोळ्यांत धूळ फेकावी!

"आकडा खोटा निघाला तर मशीन जाईल, काका. काकूंचा तरी विचार करा. तुम्ही दोन वेळ जेवता ना? मग घरात धूर नाही, असं होईल कसं?"

देवराम तिच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर ना राग, ना ओशाळलेपण.

"जेवान भावकीतून येतं," तो म्हणाला. "रंभा गेली गुरवारी पहाटे. मयताच्या घरात चूल पेटवत नाय, ताई."