धनेशाचं तिकीट

"पत्ता नाना पेठेतला. आणि आपण राहता कुठे?" काउंटरमागच्या बाईंनी विचारलं.

"नाना पेठेतच. या मैत्रिणीच्या समोरच्या इमारतीत."

"मग चालत जा ना. पत्राच्या आधी पोचाल."

जुबेदा हसली नाही. "टपालानंच जायला हवं," ती म्हणाली. "आणि तिकीट जंगलातलं द्या. पक्षी, प्राणी, काहीही चालेल."

बाईंनी कपाळाला आठ्या घालत खण धुंडाळला आणि धनेशाचं तिकीट पुढे सरकवलं. भली मोठी पिवळी चोच. जुबेदा ते बोटावर धरून बघतच राहिली.

असाच एक धनेश पहिल्यांदा आला होता तो मलेशियाहून. तिची मैत्रीण कुसुम लग्न करून तिकडच्या रबराच्या मळ्यावर गेली, त्या वर्षी. मग पाकिटं येतच राहिली. कधी त्यांवर ऑर्किड, कधी लांब नाकाचा टॅपिर, कधी तळहाताएवढं फुलपाखरू. जुबेदा तिकिटं कोमट पाण्यात सोडवून अल्बममध्ये लावायची. पुण्याबाहेर ती फारशी कधी पडली नाही, पण ते सदा ओलं जंगल तिच्या ओळखीचं झालं. कुसुम पत्रांत सगळं लिहायची. न जगलेलं पहिलं बाळ, नवऱ्याचा अबोला, मोठ्या पानांवर वाजत राहणारा पाऊस. जुबेदाही काही हातचं राखायची नाही.

नवरा गेल्यावर कुसुम परत आली. मुद्दाम जुबेदाच्या समोर घर घेतलं. पहिले काही दिवस रडण्या-हसण्यात गेले. मग रोज संध्याकाळी दोघी बाकावर बसायच्या आणि बोलायच्या ते रक्तदाबाबद्दल, नाहीतर पाण्याच्या पंपाबद्दल.

काल कुसुम म्हणाली, "मुलाकडे हिंजवडीला जावं म्हणते. इथे करमत नाही गं."

जुबेदानं पंपाचाच विषय काढला. घरी आल्यावर मात्र तिनं पानंच्या पानं लिहून काढली.

पत्र पेटीत पडलं. त्यानंतरही बाकावरच्या गप्पा पंपाच्याच. कुसुमनं पत्राचं नाव काढलं नाही. म्हातारपणी आपण पोरखेळ केला, असं जुबेदाला वाटू लागलं.

आठवड्याभरानं पोस्टमननं पाकीट आणून दिलं. तिकिटावर फांदीला बिलगलेलं शेकरू. अक्षर तेच, उजवीकडे कललेलं. जुबेदानं ते दारातच फोडलं.

"प्रिय जुबेदा, परत आल्यापासून तुझी भेटच झाली नव्हती."