गुरुवारचा तास

शरिफा खालाला या व्यवहारात मिळायचा होता आठवड्याला एक तास. पैसे नाहीत, औषध नाही, साखरेची पिशवीसुद्धा नाही. युनिव्हर्सिटीचा मुलगा दर गुरुवारी येणार, बसणार, बोलणार, ऐकणार. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवर त्याचं संशोधन होतं. शेजारणी म्हणाल्या, यात तुझा फायदा तो काय? एक मुलगा मस्कतला, दुसरा दोह्याला, लेक मुंब्र्याला. ज्या घरात दिवसभर एकटा फ्रिज बोलतो, तिथं तासाला काय भाव आहे, हे भरल्या घरातल्या बायकांना कळायचं नाही.

आज मात्र समोर बसली होती अनुपमा मॅडम, युनिव्हर्सिटीच्या नीतिमत्ता समितीची सदस्य. वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षानं ती महाडजवळच्या या वाडीत आली होती. संशोधन करणारा मुकुल रस्त्यापलीकडे रिक्षाशी उभा होता. तपासणी चालू असताना त्यानं घरात पाय ठेवायचा नाही, असा नियम.

"घाबरू नका हं खाला," अनुपमा म्हणाली. "संशोधनापायी माणसांना त्रास होत नाही ना, एवढंच आम्ही बघतो. चिठ्ठ्या टाकून एक घर काढतो. यंदा तुमचं निघालं."

"माजं नशीब. नायतर भिशी पन कदी पयली लागली नाय."

"खरं तेच सांगा. त्याचं काही चुकलं असेल तर आजच काम थांबवू. मग तोच काय, आमच्याकडचं कुणीच तुमच्या दारात येणार नाही."

"कुनीच नाय?"

"कुणीच नाही. अगदी निर्धास्त राहा."

मॅडमनं हे धीर द्यायला सांगितलं. खालानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जरा सावरून बसली.

"सही घेण्याआधी त्यानं सगळं समजावलं?"

"अंगनात उबा राहून सगला कागद वाचला. वर बोलला, नको वाटलं तर कदी पन नाय म्हना."

"जबरदस्ती?"

"नाय गो. त्याचा सभाव तसा नाय. कसला हट्ट नाय, कसला तरास नाय."

"ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसतो का? या मुलांना भान राहत नाही."

"मिंटभर जास्त बसला असंल तर शपत."

"मनाला लागेल असा प्रश्न?"

"एक पन नाय."

"तुमच्या घरातलं बाहेर कुणाजवळ बोलला?"

"माज्या घरातला एक शबूद त्याच्या तोंडातून बाहेर गेला नाय. त्याची गॅरंटी मी देते."

अनुपमा खूश झाली. इतकी नेमकी उत्तरं तिला समितीतल्या प्राध्यापकांकडूनही मिळत नसत. "तुमच्या हातच्या सांदणांचं फार कौतुक लिहिलंय त्यानं."

"असं लिवलंय?"

"हो. मुलांच्या आठवणी सांगताना तुम्ही खूप हसता, असंही."

"लय लिवलंय काय?"

"पानंच्या पानं!"

"मंजे मी लय बोलले म्हनायची," खाला म्हणाली.

अनुपमानं पेनला टोपण लावलं. मग तिची नजर खिडकीखालच्या तिपाईवर गेली. दोन कप, दोन बश्या, वर धुतलेला रुमाल.

"त्याच्यासाठी?"

"गुरुवार हाय ना आज."

अनुपमाला राहवलं नाही. जे विचारायचा तिला अधिकार नव्हता, तेच तिनं विचारलं. "खाला, एकटं वाटतं का हो?"

"गुरुवारी जास्त."

पेनचं टोपण पुन्हा निघालं. "तो निघून गेल्यावर?"

खालानं तिपाईवरचा रुमाल सारखा केला.

"हे बरोबर नाही," अनुपमा हळू आवाजात म्हणाली. "सवय लावायची आणि निघून जायचं. हा पण त्रासच आहे. मला हे थांबवायची शिफारस करावी लागेल. तुमच्याच भल्यासाठी."

खालानं पुढे होऊन तिचं मनगट धरलं. "बाई, माजं भलं लय जनांनी केलं. मुलांनी फ्रिज घेतला, लेकीनं मोबाईल दिला. आता तू नको करू. कुनीतरी येयाचं हाय, येवडं तरी राव दे. बंद केलंस तर गुरुवार आनि शुक्रवार मला सारकेच."

मॅडमनं चष्मा पुसला. शेरा लिहिला: हरकत नाही, संशोधन चालू ठेवावं. निघताना खालाच्या मोबाईलमध्ये आपला नंबर घातला. "काही वाटलं, कधीही वाटलं, तर सरळ मला फोन करायचा. मी मुकुललाही तसं सांगते."

अंगणाबाहेर तिनं मुकुलची पाठ थोपटली, नंबराचं सांगितलं आणि परतीची गाडी गाठायला त्याच रिक्षानं गेली. धूळ खाली बसेपर्यंत मुकुल रस्त्यावरच होता. मग सावकाश अंगण ओलांडून उंबऱ्याशी आला. तोंड उतरलेलं, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"खाला, मॅडम म्हणाल्या, माझ्याबद्दल फार चांगलं बोललात."

"एक अक्षर खोटं नाय बोलले."

"पण मी... सहीच्या दिवसानंतर मी आलोच नाही. सगळं महाडला लॉजवर बसून मनानंच लिहिलं."

"चपला काड, आत ये," शरिफा खाला म्हणाली आणि चहा ओतायला वाकली. "मागले सगले गुरुवार तुज्याकडं बाकी हायत. आनि आजचा त्यात धरू नको, आज तू तुज्या कामाला आलायस."