डावं बोंड

“याचंही डावं बोंड मुकंच आहे रे!” गोदाकाकूंनी बिनवायरच्या इअरबडच्या तिसऱ्या जोडीतलं डावं काढून काउंटरवर ठेवलं; उजवं कानातच होतं. पहिली स्वस्त, दुसरीची बॅटरी दिवसभर टिकणारी, तिसरी कानात घट्ट बसणारी. पण डावीकडे सगळ्यांची सारखीच बोंब.

काचबिंदूनं पोथी वाचणं सुटल्यापासून त्या रोजचा अध्याय मोबाइलवर ऐकत आणि मगच पाण्याचा घोट घेत. आज मात्र घरून ऑफिसचं काम करणारी सून वैतागली होती. “आई, केवढा हो आवाज! मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जातं.” म्हणून काकू तशाच कोरड्या तोंडानं दुकानात आल्या होत्या.

“तिन्ही कशा बिघडतील, काकू?” दुकानदारानं हसत डावं बोंड स्वतःच्या कानाला लावलं. “वाजतंय की झकास!”

काकूंचा हात नकळत डाव्या कानाकडे गेला. उजवीकडे अध्याय चालू होता, पण नदीपलीकडून कुणी वाचावा तसा. “जरा मोठा कर ना, बाबा.”

“फुल्लच आहे, काकू.” त्याचं हसू मावळलं. त्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“नको रे,” त्या पुटपुटल्या. “अजून अध्याय ऐकला नाही मी.”