तेहतिसावं गोपद्म

“अहो, तिथे नका बसू,” प्रभाताई मराठीतच म्हणाल्या. दमलेली अमेरिकन बाई दाराच्या पायरीवर टेकणार, तोच थबकली.

पायरीवर चातुर्मासाची गोपद्मं होती. रांगोळीने काढलेली गाईची पावलं, रोज तेहतीस. जर्मनीत, लुडविग्सहाफेनजवळच्या या खेड्यात मुलाकडे आल्या, तरी प्रभाताईंनी नेम मोडला नव्हता. पायरी अरुंद, म्हणून त्या बत्तीसच काढत. कडेला तांबड्या दगडाचे दोन टवके उडालेले होते, जोडीने, अगदी खुरासारखे. त्यांवर हळदकुंकू वाहून त्या ते तेहतिसावं धरत.

“देवानेच काढून ठेवलंय,” असं त्या सुनेला सांगत. ऊर्मिला हसायची.

आता तिने पाहुणीसाठी खुर्ची आणली, चहा आणला. पाहुणीचं नाव कॅरोल. तिच्याजवळ महायुद्धातला एक जुना फोटो होता. मार्च १९४५. पाच अमेरिकन शिपाई एका दाराच्या पायरीवर बसून पत्र्याच्या डब्यांतून जेवत होते. मधला, वासराच्या कानात वारं शिरावं तसा हसणारा, तिचे वडील फ्रँक.

फ्रँक परवा शंभर वर्षांचे होणार होते. त्याच दारात बसून फोटो पाठवीन, असं कॅरोलने त्यांना कबूल केलं होतं. तीन दिवस ती गावभर हिंडली. फोटोतल्यासारखं, कठडा उजवीकडे आणि खिडकी डावीकडे, असं दार काही सापडलं नाही. उद्या सकाळी तिचं विमान होतं.

“भाऊ म्हणतात, बाबांना आता काहीबाही आठवतं,” ती इंग्रजीत म्हणाली. “रिकाम्या हाताने गेले, तर मलाही तसंच वाटायला लागेल.”

ऊर्मिलेने ते मराठीत सांगितलं. प्रभाताईंनी चष्मा पुसला, फोटो जवळ धरला. बराच वेळ पाहून त्या हळूच म्हणाल्या, “ऊर्मिला, ही सगळी मुलं डाव्या हाताने जेवताहेत गं.”

“आई, त्यांच्यात चालतं.”

“एखाद्याचं चालेल. पाचही?”

ऊर्मिलेने मोबाइलवर फोटोचा फोटो काढला आणि आरशात दिसावा तसा फिरवला. पाचही चमचे उजव्या हातांत गेले. कठडा डावीकडे आला, खिडकी उजवीकडे. तिने मान वर करून आपल्याच दाराकडे पाहिलं.

“फिल्म बाबांच्या दोस्ताने हेल्मेटमध्ये धुतली होती,” कॅरोल पुटपुटली. “छापताना उलटी धरली असणार.” चहा तिच्या हातात तसाच राहिला. या दारावरून ती चार वेळा गेली होती.

ती उठली, पायरीपर्यंत आली आणि रांगोळी पाहून तिथेच उभी राहिली.

“बस गं बाई,” प्रभाताई म्हणाल्या. “पुसली तर पुसली. उद्या पुन्हा काढायचीच आहेत.”

कॅरोल अंग चोरून बसली. फोटो झाला. मग राहवेना, म्हणून तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर फ्रँक आले, केस नीट विंचरलेले. मुलीने दार सापडल्याचं सांगितलं. त्यांनी आनंद वगैरे दाखवला नाही. खात्री करून घ्यावी तसं विचारलं, “पायरीच्या कडेला दोन टवके आहेत का बघ. ते माझे. बंदुकीच्या दस्त्याने अक्रोड फोडत होतो. त्या घरातली बाई फार चिडली होती. तिची माफी मागायची राहून गेली.”

कॅरोल बाजूला सरकली. खाली हळदकुंकू होतं आणि झेंडूची एक पाकळी.

ऊर्मिलेने हसत हसत सासूबाईंना सगळं सांगितलं. प्रभाताईंनी पायरीकडे पाहिलं. मग पदर सारखा करून पडद्याला नमस्कार केला.

“माफी कसली? सांग त्यांना, बत्तीस मी काढते. तेहतिसावं त्यांनी काढून ठेवलंय.”